मल्टीचे तीन टप्पे झाले म्हणजे 'फाउंड' झालं असं नाही

राजेहो, जिओकॅशिंग म्हणजे कोणी तरी लपवलेला डबा, म्हणजे कॅश, जीपीएसने शोधायचा खेळ. त्यात टप्प्याटप्प्याने शोधायच्या मल्टी-कॅशवर 'फाउंड' (सापडलं) हा लॉग, म्हणजे संकेतस्थळावरची नोंद, कधी टाकायचा याचा नियम एका ओळीचा आहे. शेवटच्या डब्यातल्या वहीत तुमचं नाव असलं की टाकायचं. तीन टप्पे सापडले अन् चौथ्यावर अडकलात, तर ते फाउंड नाही. डबा दिसला पण झाडावर चढता आलं नाही, तेही नाही. डबा गेलेला आहे अशी शंभर टक्के खात्री आहे, तरीही नाही. हिवाळा लागला की रानात फिरणं वाढतं आणि लॉगही वाढतात, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. साध्या कॅशमध्ये तिच्या संकेतस्थळावरच्या पानावर दिलेल्या अक्षांश-रेखांशावरच डबा असतो. मल्टीत तिथे फक्त पहिला टप्पा असतो. तिथून आकडे घ्यायचे, गणित करायचं, दुसऱ्या जागी जायचं, आणि असं करत शेवटी डबा. मधले टप्पे दोन तऱ्हेचे असतात. एक म्हणजे खरोखर काही तरी लपवलेलं, म्हणजे आकडे कोरलेली पट्टी किंवा छोटी डबी. दुसरा म्हणजे जागेवर आधीपासूनच असलेलं, जसं झेडपी शाळेच्या फलकावरचं स्थापना वर्ष, पुलावर रंगवलेला क्रमांक, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची. मधल्या टप्प्यांवर वही नसते. वही एकच, शेवटी.

ही वही खेळाच्या मुळाशीच आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनच्या जंगलात एक बादली ठेवली. तिच्यात वही आणि पेन्सिल होती. आजही जिओकॅशिंग डॉट कॉम या संकेतस्थळावर मालकाला, म्हणजे डबा लपवणाऱ्याला, फाउंड लॉग उडवायचा हक्क आहे तो मुख्यतः याच कारणासाठी, की वहीत नाव नाही. फोटो पाठवा, कविता लिहा, अमुक करून दाखवा अशा जास्तीच्या अटी साध्या कॅशवर किंवा मल्टीवर घालता येत नाहीत. त्या २००९ मध्येच बंद झाल्या. म्हणजे मालकाच्या हातात वहीशिवाय दुसरं मोजमाप नाही.

आता कोणी म्हणेल, एक खोटा फाउंड पडला तर कोणाचं काय जातं? मोठ्या शहरात फार नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी जातो आणि खरं कळतं. आपल्याकडे विदर्भात डबे विरळ, दोन लॉगमध्ये महिनेच्या महिने जातात. पानावर सगळ्यात आधी दिसते ती शेवटच्या फाउंडची तारीख. ती ताजी दिसली की मालक निवांत बसतो, आणि पुढचा माणूस फाट्यावर एसटीतून उतरून तीन किलोमीटर पांदण तुडवत अशा टप्प्यापाशी जातो जो पहिल्याच पुरात वाहून गेलेला आहे.

म्हणून माझं ठाम मत: खेड्यातल्या मल्टीवर सगळ्यात कामाचा लॉग म्हणजे डीएनएफ. 'नाही सापडलं.' लोक तो टाकायला लाजतात, कारण तोंड पाडलेला निळा चेहरा नकाशावर दिसतो. दिसू द्या. फाउंडच्या दहा लॉगमधून मालकाला जेवढं कळत नाही तेवढं एका नीट लिहिलेल्या डीएनएफमधून कळतं. अट एवढीच की तो नीट लिहिलेला असावा. 'खूप शोधलं, नाही भेटलं' याचा कोणालाच उपयोग नाही.

डीएनएफमध्ये टप्प्याचा क्रमांक पाहिजे. तारीख प्रत्यक्ष गेलात ती, घरी येऊन लॉग टाकला ती नव्हे. किती वेळ शोधलं, फोन किती मीटरची अचूकता दाखवत होता, भोवती काय बदललंय: रस्ता खोदला, झाड तोडलं, भिंतीला नवा रंग दिला. टप्पा काय होता, कुठे होता, आकडा काय निघाला, हे मात्र लिहायचं नाही. 'टप्पा ३: जागा जेसीबीने साफ केलेली दिसते' हे चालतं. 'टप्पा ३: पुलाच्या डाव्या कठड्याखालची चुंबकाची डबी नाही' हे चालत नाही, कारण मालक ती उद्या परत तिथेच चिकटवणार आहे.

पण डीएनएफ टाकायच्या आधी स्वतःचं गणित तपासा. मल्टीत न सापडण्याची निम्मी भानगड इथेच असते. कॅशच्या पानावर आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात, उदाहरणार्थ उत्तर २०° ४३.५००. हाच आकडा नकाशाच्या ॲपमध्ये कोणी २०.४३५०० असा टाकला तर तो सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला जातो. हे लगेच लक्षात तरी येतं. घातक चूक दुसरी: ४३.५०० म्हणजे ४३ मिनिटं ५० सेकंद असं वाचणं. खरं तर ते ४३ मिनिटं ३० सेकंद आहे. फरक सहाशे मीटरच्या वर. तेवढ्या अंतरावर दुसरं वावर, दुसरा धुरा, दुसरी बाभूळ असतेच, आणि माणूस चुकीच्या बाभळीखाली तासभर घालवतो.

सूत्रातही तसंच, म्हणजे टप्प्यांवरचे आकडे अक्षरांच्या जागी घालून पुढची जागा काढतो त्यात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशात एकाचा फरक म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, पूर्व-पश्चिम आपल्या अक्षांशावर साधारण पावणेदोन मीटर. ही चूक खपून जाते, कारण उघड्या आभाळाखाली फोनच पाच मीटर इकडे-तिकडे असतो आणि दाट सागात त्याहून जास्त. दुसऱ्या दशांशात एक चुकला तर साडेअठरा मीटर, पहिल्यात चुकला तर १८५ मीटर. तेव्हा पहिल्या दशांशाचा आकडा ज्या अक्षरातून येतो ते अक्षर दोनदा तपासा. आणि 'मागचा टप्पा इतक्या जवळ, मग हा इथे कसा असेल' असं गृहीत धरू नका. किमान १६१ मीटर अंतराचं बंधन वेगवेगळ्या कॅशच्या डब्यांमध्ये आहे; एकाच मल्टीच्या दोन टप्प्यांत ते नाही.

आकडे वाचण्यातही गंमत आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच फलकांवर, दगडांवर मराठी आकडे. बाहेरून आलेला खेळाडू १ ला नऊ आणि ४ ला आठ समजतो. मालकाने पानावर एवढंच लिहावं की आकडे देवनागरीत आहेत. त्याने गुपित काही फुटत नाही. किलोमीटरच्या दगडांचं तर विचारू नका. राष्ट्रीय महामार्गाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, ग्रामीण रस्त्याचा नारिंगी. रस्ता रुंद झाला, दर्जा बदलला की दगड बदलतो, रंग बदलतो, आकडाही. नागपूरवरून जाणारा जुना सात नंबर आता ४४ झाला, अमरावतीचा सहा नंबर ५३ झाला. जुन्या क्रमांकावर बांधलेलं सूत्र त्या दिवशीच मेलं. असं काही दिसलं तर लॉगमध्ये 'टप्पा २ वरचा आकडा बदलला आहे' एवढं लिहून 'मालकाचं लक्ष हवं' हा पर्याय वापरा. नवा आकडा मालकाला खासगी निरोपात कळवा.

डीएनएफ आणि नोट, म्हणजे नुसती माहिती देणारा लॉग, यांत घोळ होतो. माझा हिशोब सोपा आहे: शोधलं आणि मिळालं नाही तर डीएनएफ; शोधलंच नाही तर नोट. नाल्याला पाणी म्हणून परत फिरलात, तुरीत उतरायला नको वाटलं, अंधार पडला: नोट. दोन टप्पे झाले, उरलेले पुढच्या खेपेला: तीही नोटच. काहींच्या मते निघालात तेव्हाच डीएनएफ लागू होतो. ते मला पटत नाही, कारण मालकाला उगाच वाटतं की टप्पा गेला. मधल्या टप्प्यांचे काढलेले आकडे स्वतःच्या खासगी टिपणात ठेवा. लॉग सगळ्यांना दिसतो.

गुपित फुटण्याचा धोका फोटोतून जास्त. डब्याचा जवळून काढलेला फोटो असला तरी मागे टेकडीची ओळखीची कड किंवा मंदिराचं शिखर दिसतं, आणि पुढच्याला पाच टप्पे वगळून सरळ डब्यापाशी जाता येतं. मूळ फोटोच्या फाइलमध्ये जागेचे आकडे दडलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ते तसेच जातात. अजून एक, जे पुष्कळांना माहीत नाही: पानावरची सूचना कूटात जाते ती रोमन अक्षरं तेरा घरं सरकवून. देवनागरी अक्षरं आणि आकडे त्यात सरकत नाहीत. मराठीत लिहिलेली सूचना न उलगडताही सरळ वाचता येते. मालकांनी मराठीत सूचना जरूर लिहावी, पण ती उघडी आहे असं धरूनच.

डबा सापडला नाही म्हणून स्वतःची डबी ठेवून देणं आणि वर फाउंड टाकणं, हा प्रकार उपकार समजून केला जातो. मूळ डबी तिथेच, तुमच्या हातापासून दोन फुटांवर असू शकते. मग एका जागी दोन वह्या, आणि मालकाने कोणती खरी मानायची? मल्टीत तर हे आणखी वाईट, कारण मधल्या टप्प्यात चुकीचा आकडा ठेवलात तर पुढचे सगळे भलतीकडे जातात. मालकाला विचारून, त्याने होकार दिला तरच.

गटाने जाताना एकाने पहिला, दुसऱ्याने दुसरा टप्पा करायचा आणि शेवटी सगळ्यांची नावं लिहायची, हे नियमात बसतं. नाव वहीत आहे ना, संपलं. मला ते आवडत नाही, पण लॉग उडवण्याचं ते कारण होऊ शकत नाही. जो गाडीतच बसून राहिला किंवा घरी होता त्याचं नाव मात्र दुसऱ्याने लिहू नये. कोणाकडून शेवटच्या जागेचे आकडे फोनवर घेतले असतील तर लॉगमध्ये प्रामाणिकपणे 'मदत घेतली' लिहा. आणि क्वचित दुसरं काही शोधताना चुकून शेवटचा डबाच हाती लागतो. सही करा, फाउंड टाका, 'अपघाताने सापडला' लिहा. तुमचा काही गुन्हा नाही. फक्त कुठे सापडला ते लिहू नका.

वही भिजलेली असेल तर? पावसाळ्यानंतर हे हमखास. पेन्सिलीने एका कोपऱ्यात तारीख आणि नाव उमटतं. जेलपेनची शाई पसरते. कागदाचा लगदाच झाला असेल तर वहीचा फोटो काढून मालकाला पाठवा आणि त्याचा निर्णय माना. बहुतेक मालक मान्य करतात.

मालकांनाही दोन शब्द. लॅमिनेट केलेला कागद आपल्या उन्हात टिकत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आकडे ठोकून घ्या. स्टीलचा डबा भंगारात जातो. काळ्या जमिनीत दगडाच्या बुडाशी डबी ठेवू नका: उन्हाळ्यात भेगा पडतात, डबी आत सरकते, आणि पावसात जमीन फुगून मिटते. दोन डीएनएफ एकाच टप्प्यावर आले की जाऊन बघा. जमत नसेल तर कॅश तात्पुरती बंद ठेवा. साधारण चार आठवड्यांची मुभा असते. आणि खोटा फाउंड दिसला तर आधी निरोप पाठवून विचारा, मग उडवा.

शेवटचं, आणि इथे गावाकडे हे लॉगच्या शिष्टाचाराइतकंच महत्त्वाचं. जुन्या हेमाडपंती देवळामागे, पडक्या गढीजवळ हातात फोन घेऊन दगड उलटवणारा अनोळखी माणूस गावाला एकच दिसतो: गुप्तधनवाला. हा संशय उगाच नाही. त्या नादात या भागात अघोरी प्रकार झालेत आणि २०१३ पासून त्याविरुद्ध कायदाही आहे. त्यामुळे पानावर आणि लॉगमध्ये 'खजिना' शब्द टाळा, रात्री जाऊ नका, खणू तर मुळीच नका. जमीन खणून डबा लपवायला खेळात तशीही बंदी आहे. पोलीस पाटलांना किंवा निदान पानठेल्यावर आधी सांगून ठेवा. संरक्षित स्मारकात आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय काही ठेवायचं नाही. लॉगमध्ये गावकऱ्यांचे फोटो नकोत, वावरवाल्याचं नाव नको.

लिहायचं ते वाटेबद्दल मोकळेपणी लिहा, त्याने टप्पा फुटत नाही. पऱ्हाटी अजून उभी आहे, पांदणीत चिखल आहे, फाट्यावरून शेवटची एसटी कितीला आहे. आणि डुकरांसाठी धुऱ्यावर झटका मशीनची तार ओढलेली असेल तर ते लॉगच्या पहिल्या ओळीत, टप्प्याच्या क्रमांकासह. फाउंड असो, डीएनएफ असो की नोट.