टाकाऊतून टिकाऊ : फोटोसकट संपूर्ण मार्गदर्शन

परवा मला तुळस मिळाली. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून धंदा करायचाय. त्यांच्या सप्लायर मीटमध्ये पर्यावरणावर अर्धा दिवस भाषणं झाली, मग एकेकाला स्टेजवर बोलावून हातात एकेक खोका दिला. खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात बबल रॅप, बबल रॅपमध्ये काथ्याची कुंडी आणि कुंडीत तुळस, ती बिचारी पुण्याहून शिरोलीला येईतो मान टाकून बसलेली. आणि बरोब्बर चार दिवस आधी ह्याच कंपनीचे क्वालिटीवाले माझ्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, ऑडिटला येऊन एनसी, म्हणजे नियमात बसत नाही असा शेरा, टाकून गेले होते. गुन्हा काय, तर मी ओतकामाच्या साच्याची जळकी वाळू साफ करून परत वापरतो.

चार दिवसांच्या अंतराने एनसी पण आणि तुळस पण. तेव्हा माझं कुठंतरी चुकतंय हे नक्की. विचार केला, आपलं झालं ते झालं, निदान नवी पोरं जी इंजिनिअर होऊन कचऱ्यातून क्रांती करायला निघालीत त्यांना तरी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून ठेवू.

सगळ्यात आधी, कचरा बघून निवडा. फोटोत चांगला आला पाहिजे. प्लास्टिकची बाटली म्हणजे एक नंबर, तिचा बाक होतो, झुंबर होतं, मुख्य पाहुण्यांना धरायला सोपी जाते. टायर चालेल, पिवळा रंग मारून त्यात शोभेचं झाड लावा. पण राख, स्लॅग म्हणजे भट्टीची मळी, काळी वाळू असल्या गोष्टींच्या नादाला लागू नका. त्या फोटोत ढिगाऱ्यासारख्या दिसतात, कारण त्या ढिगाराच असतात.

नाव भारी ठेवा. भंगार म्हटलं की माणूस नाक मुरडतो, सर्क्युलर इकॉनॉमी म्हटलं की खुर्ची देतो. आमच्या कोल्हापुरात कपोला भट्ट्या पेटल्या तेव्हापासून आम्ही भंगारच वितळवतोय, फुटका पंप, मोडकं इंजिन, प्रेसखालचे पत्र्याचे तुकडे, सगळं भट्टीच्या पोटात. उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं असल्याच बिडातून, म्हणजे ओतीव लोखंडातून, ओतली. आम्ही येडे ह्याला पोटापाण्याचा धंदा म्हणत बसलो.

बक्षीस घ्या, मशीन घेऊ नका.

आता महत्त्वाचं. वाळू समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, मी पडलो. साच्याच्या वाळूला ग्रीन सँड म्हणतात, असते काळीकुट्ट. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी. त्यात तेराशे-चौदाशे डिग्रीचा लोखंडाचा रस ओतला की कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, चिकटून असलेलं बेंटोनाइट जळून मरतं आणि दाण्यावर पापुद्र्यासारखं बसतं. कोअर म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, त्याच्या वाळूला चिकटवायला रेझिन असतं, ते अर्धवट जळतं. नॉक-आऊटला, म्हणजे साचा फोडताना, सगळं एकत्र पडतं, चाळून बरंचसं परत मिक्सरला जातं, पण दर फेरीत कोअरची नवी वाळू आत येते म्हणून तेवढी जुनी बाहेर काढावीच लागते. ती जाते कुठं? हायवेच्या कडेला बघा. पावसाळ्यात ओढ्याला बघा.

म्हणून मी कर्ज काढून वाळू साफ करायचं रिक्लेमेशन बसवलं. आधी ड्रममध्ये दाण्यावर दाणा घासून मेलेली माती काढायची, मग सातशे डिग्रीच्या आसपास भाजून रेझिन नि कोळसा जाळायचा, थंड करायची, चाळायची. वाळू परत गव्हाळ दिसायला लागते. पहिल्या दिवशी मूठभर घेऊन घरी दाखवायला नेली होती, बायको म्हणाली रवा भाजलाय का. प्रत्येक लॉटचा एलओआय काढतो, म्हणजे नमुना मफल फर्नेसमध्ये जाळून किती वजन घटतं ते बघायचं, कारण रेझिन शिल्लक राहिलं की गॅस, आणि गॅस म्हणजे ब्लो होल, कास्टिंगमध्ये पोकळ भोक. आणि सिलिकाचा दाणा ५७३ डिग्रीला एकदम फुगतो, कोअर तडकते, कास्टिंगवर शिरा उठतात. एकदा भाजून निघालेल्या वाळूचा हा उपद्व्याप कमी. माझं ह्या शिरांचं, म्हणजे व्हेनिंगचं, रिजेक्शन खाली आलं, आठ महिन्यांचं रजिस्टर आहे, कुणीही येऊन बघा.

ऑडिटवाल्याने बघितलं नाही. कोअर शॉपमध्ये "रिक्लेम" लिहिलेली पोती बघितली आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू पोत्यात गांजा आहे. म्हणे कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे माल कसा बनवायचा त्या ठरलेल्या कागदात, "फ्रेश सिलिका सँड" लिहिलंय. मी म्हटलं सर, फोर-एम चेंजचा, म्हणजे प्रक्रियेतल्या बदलाचा, फॉर्म सहा महिन्यांपूर्वी पाठवलाय, ट्रायलचे पीस पाठवलेत, ते तुमच्या लाइनवर लागून गाड्या रस्त्यावर फिरतायत, रिपोर्ट हा घ्या. म्हणे अप्रूव्हल आहे का? म्हटलं तेच तर मागतोय! म्हणे ते डिझाइनकडे असेल. डिझाइनला फोन केला, ते म्हणाले वाळू हा आमचा विषय नाही, क्वालिटीला विचारा. क्वालिटी माझ्यासमोर चहा पीत बसलेली. परचेसला फोन केला तर तो म्हणाला, रिक्लेम वापरताय होय, मग तुमचा खर्च कमी झाला असणार, किलोमागं दोन रुपये रेट कमी करा. म्हणजे बघा, वापरायची परवानगी नाही पण वापरल्याबद्दल डिस्काउंट पाहिजे! आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याच सस्टेनेबिलिटी विभागाची मेल, चौसष्ट कॉलमची एक्सेल, कॉलम एकतीस : "गेल्या वर्षात तुम्ही किती टन फाउंड्री सँड पुनर्वापरात आणली? (अनिवार्य)". काय भरू आता त्यात? खरं भरलं तर एनसी, शून्य भरलं तर रेड स्कोअर. एका बिल्डिंगमध्ये बसता ना रे तुम्ही? कँटीन तरी एक आहे का?

असो. पुढचा सल्ला. मोठी उदाहरणं पीपीटीत जरूर टाका, फक्त ती कशी झाली ते वाचू नका. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन सरांचा प्लास्टिकचा रस्ता टाका, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली तो फोटो टाका. प्लास्टिक १६०-१७० डिग्रीला तापलेल्या खडीवर पसरून तिच्यावर पातळ थर चढवायचा आणि मग डांबर, ही मेहनत सोडून द्या. सुरतजवळ हजिऱ्याचा स्टील स्लॅगचा सहा पदरी रस्ता टाका, २०२२ चा, साधारण लाखभर टन स्लॅग खाल्ली त्याने. स्लॅगमधला मोकळा चुना पाणी लागलं की फुगतो म्हणून ती आधी मुरवावी लागते, असल्या रटाळ गोष्टी स्लाइडवर नकोत. आणि खडी-वाळूच्या भारतीय मानकात, आयएस ३८३ मध्ये, २०१६ ला स्लॅग नि जुन्या काँक्रीटची खडी घेतली म्हणून इंजिनिअरला सही करायला कागद मिळाला, हे तर अजिबात सांगू नका, ऐकणाऱ्याला झोप येते.

कॉलेजात असाल तर फाउंड्री सँडचे पेव्हर ब्लॉक हाच प्रोजेक्ट घ्या. दरवर्षी पोरं येतात, दोन पोती वाळू नेतात, काँक्रीटचे क्यूब दाबून फोडतात, ठरावीक टक्क्यांपर्यंत वाळू चालते असं लिहितात, बाइंडिंग करतात, कपाटात ठेवतात. पुढच्या वर्षी दुसरी पोरं, तीच दोन पोती.

आता सरळच बोलतो, उपरोध गेला खड्ड्यात.

अरे, त्या कपाटातले रिपोर्ट कुणी पालिकेच्या टेंडरपर्यंत का नेत नाही? सर, पोरांना मार्क देताय, पण एक चिठ्ठी तरी लिहा ना बांधकाम खात्याला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०१४ ला तपासून सांगितलं की लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियमच्या फाउंड्रीची सिलिका वाळू मातीत मिसळायलासुद्धा चालते, पितळ-ब्राँझवाली त्यातून वगळली. इतकं साफ सांगितलंय तरी आपल्याकडं सगळी वाळू एकाच ढिगात. आणि हे आपल्याच भाऊबंदांना, रात्री अकरानंतर ओढ्याकडेला ट्रॉली पालथी करणाऱ्यांना, विचारतोय, लाज नाही वाटत? त्या ओढ्याचं पाणी कुणाच्या शेतात जातं माहीत आहे तुम्हाला, तुमच्याच कामगाराच्या. पितळेची वाळू वेगळी ठेवायला दोन पत्र्यांचं पार्टिशन लागतं, तेवढंही होत नाही आणि असोसिएशनच्या मीटिंगमध्ये सरकार काही करत नाही म्हणून ओरडता.

आणि तुम्ही, कंपनीवाल्यांनो. सत्कार नको, तुळस नको, स्टेज नको. कंट्रोल प्लॅनमधला "फ्रेश" हा एक शब्द काढा आणि त्याजागी एलओआय किती, माती किती, दाणा केवढा ते आकडे लिहा. नापास झाली वाळू तर टाका की एनसी, हूं का चूं करणार नाही. पण रिपोर्ट न उघडता पोत्यावरचं नाव वाचून नापास करता ही कसली क्वालिटी?

शुक्रवारपर्यंत एनसी क्लोज करायचीय. रिक्लेम प्लांट बंद ठेवलाय, हप्ता चालू आहे. कोकणातल्या कासार्ड्याहून नव्या वाळूचा ट्रक बोलावलाय, घाट चढून येईल उद्या. थर्माकोल तेवढा पडलाय माझ्याकडं, भंगारवाला घेत नाही, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.