प्रवासी जहाजावर नोकरीला निघालेल्या आपल्या मुलांविषयी

गेल्या काही वर्षांत कारंजा, दारव्हा, मूर्तिजापूर या भागांतील हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुले क्रूझ जहाजांवर जाऊ लागली आहेत. त्यांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचे निळे पाणी आणि नारळाची झाडे पाहून गावात जी समजूत तयार होते, तिच्यामुळे त्यांच्या कष्टांची किंमत कमी लेखली जाते, असे माझे मत आहे. मी स्वतः अशा जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, काही वर्षे काम केले आणि आता गावी शेती पाहतो. "काऊन बे, तिकडं रोज समुद्रात पोहत होता काय?" हा प्रश्न मला आजही पारावर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण आम्हीच घरी फक्त किनाऱ्यावरचे फोटो पाठवतो. घासायच्या पातेल्यांच्या ढिगाचा फोटो कोणी पाठवत नाही.

या नोकरीकडे कसे पाहावे हे खरे तर आपल्या गावाला आधीपासून ठाऊक आहे, कारण ती सालगड्याच्या कामाच्या फार जवळची आहे. पाडव्याला साल ठरते, रक्कम ठरते आणि मग त्या माणसाची पहाट व संध्याकाळ मालकाच्या कामाप्रमाणे चालते. जहाजावरही साधारण सहा ते नऊ महिन्यांचे कंत्राट असते, राहणे आणि जेवण कंपनीकडे असते, आणि तेवढ्या महिन्यांत आठवड्याची पूर्ण सुट्टी बहुधा मिळत नाही. फरक मोठा आहे तो असा, की जहाजावरचे तास लेखी नियमाने बांधलेले असतात. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून लागू आहे आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार एकतर काम २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२ तासांपेक्षा जास्त असू नये, नाहीतर विश्रांती २४ तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास मिळावी. यांपैकी कोणते मोजमाप लावायचे ते ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे तो देश ठरवतो; अमेरिकेच्या मायामी बंदरातून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांवर अमेरिकेचा नव्हे, तर बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा यांचा झेंडा असतो. आता आठवड्याच्या १६८ तासांतून ७७ वजा करून पाहावेत. उरतात ९१ तास, आणि दुसऱ्या मोजमापाने तेवढे काम नियमात बसते. ही वजाबाकी मुलाने आणि त्याच्या बापाने सही करण्याआधी एकत्र बसून करावी.

याच नियमात आणखी एक अट आहे, की दिवसाची विश्रांती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत विभागू नये आणि त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा असावा. बंदरावरच्या फोटोंचा उलगडा इथेच होतो. जहाज सकाळी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागले, की प्रवासी उतरतात. नाश्त्याच्या पाळीतला मुलगा आवराआवर करून साडेदहा-अकराला मोकळा होतो आणि संध्याकाळच्या जेवणाच्या तयारीसाठी त्याला तीन-चारच्या सुमारास परत हजर व्हावे लागते. मधले तास हा त्याच्या विश्रांतीचा दुसरा तुकडा असतो. त्या वेळेत त्याने झोपावे, कपडे धुवावेत की बेट पाहावे हे त्याचे त्याने ठरवायचे. म्हणजे किनाऱ्यावरचा प्रत्येक हसरा फोटो त्याच्या झोपेतून कापून आलेला असतो. बहुतेक जण वाळूपर्यंत जातही नाहीत. धक्क्याजवळच्या फुकट वायफायच्या हॉटेलात बसून घरी फोन लावतात. कोझुमेलला दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात, त्यामुळे माय झोपायच्या आत बोलणे व्हावे म्हणून तो पाण्याकडे पाठ करून बसलेला असतो.

शिवाय सगळ्यांना उतरता येतच नाही. आग लागली किंवा काही आणीबाणी आली तर जहाज सांभाळता यावे म्हणून ठरावीक लोकांना पाळीपाळीने जहाजावरच थांबावे लागते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावरच्या जॉर्ज टाउनसारख्या ठिकाणी मोठ्या जहाजासाठी धक्काच नाही. तिथे छोट्या होड्यांतून ये-जा चालते, प्रवासी आधी जातात आणि आपला नंबर येईपर्यंत अर्धी दुपार सरलेली असते.

जी गोष्ट कोणी विचारत नाही पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वाढपी, खोल्या झाडणारा, भांडी घासणारा यांतला प्रत्येक जण जहाजावर सुरक्षेचा माणूसही असतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्यानंतर नियम बदलून प्रवाशांची आणीबाणीची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. कोणत्या शिडीवर उभे राहून लोकांना जीवरक्षक होडीकडे वळवायचे, हे आपल्या तालुक्यातल्या त्या मुलाला पाठ असते. आयकॉन ऑफ द सीज हे २०२४ मध्ये प्रवास सुरू केलेले जहाज ३६५ मीटर लांब असून त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी मावतात. एवढी माणसे रात्री हलवायची वेळ आली तर कोणाच्या शिस्तीवर सगळे अवलंबून असेल, याचा विचार "हॉटेलात वेटर हाये" म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी जरूर करावा.

स्वच्छतेची शिस्तही तशीच कडक असते. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर तिथले आरोग्य खाते न कळवता तपासणीला येते, १०० पैकी गुण देते आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे नापास. नोरोव्हायरसची जुलाब-उलटीची साथ आली की प्रवाशांनी स्वतः वाढून घेणे बंद होते आणि वाढायचे काम आमच्या अंगावर पडते. पिण्याचे बहुतेक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून जहाजावरच तयार होते. टँकरची वाट पाहत मोठा झालेल्या माणसाला तिथल्या जलतरण तलावांचा सुरुवातीला थोडा रागच येतो.

बेटांवरच्या माणसांविषयीही थोडे सांगायला हवे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा कॅरिबियन भागातला चक्रीवादळांचा हंगाम आहे. वादळामुळे जहाजाने एखादे बंदर टाळले तर प्रवाशाला दुसरे बेट दिसते, पण त्या बंदरावरच्या टॅक्सीवाल्याचा आणि टोप्या विकणाऱ्या बाईचा दिवस बुडतो. बहामामधील कोकोकेसारखी बेटे तर जहाज कंपनीच चालवते, त्यामुळे तिथे प्रवाशांचा बहुतेक खर्च कंपनीकडेच फिरून येतो. जमैका आणि त्रिनिदाद इथे १८४५ पासून भारतीय मजूर गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर, नेले गेले. त्रिनिदादमध्ये ३० मे हा त्यांच्या आगमनाचा दिवस आजही सुट्टीचा असतो. आपली मुले त्यांच्यापेक्षा फार सुस्थितीत जातात, हे मान्य. पण करारात काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय परमुलखात जायची रीत अजून संपलेली नाही, आणि मला खरा राग आहे तो याचा.

आमच्या भागातल्या एका घराने मुलाला जहाजावर लावण्यासाठी एका एजंटाला बैलजोडी विकून पैसे दिले, आणि मुलगा अजून गावातच आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास वर सांगितलेल्या सागरी कामगार करारात मनाई आहे. वैद्यकीय दाखला, खलाशाची नोंदवही म्हणजे सीडीसी, आणि पासपोर्ट यांचा खर्च मुलाचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. तालुक्याच्या गावी एका खोलीत दुकान थाटून "सीट पक्की करतो" म्हणणाऱ्याला आधी परवान्याचा क्रमांक विचारावा.

ज्यांच्या हाती कंत्राटाचा कागद आला आहे, त्यांनी सही करण्याआधी तो मला आणून दाखवावा. कामाचे तास, कंत्राटाचे महिने आणि परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाकडे, एवढे तरी आपण दोघे बसून वाचू. सोमवारी बाजारामुळे मी घरी नसतो, बाकी दिवशी संध्याकाळी या.