पात्रवाटप

गोव्यातल्या आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी नळाला पाणी कधी येणार आणि जत्रेची वर्गणी कोणाची राहिली, एवढंच चालतं. परवा कुणीतरी बातमी टाकली, की ऑस्करवाले आता कास्टिंगलाही बाहुली देतात. खाली माझ्या चुलतभावाचा शेरा: "माणसं निवडायला बक्षीस? आमचे नाटकाचे तालीममास्तर हे फुकट करायचे, वर चहा स्वतःच्या खिशातून." त्याला सत्तावीस अंगठे. लॉस एंजेलिसजवळ बरबँकला गाडीत बसून मी हे वाचलं आणि डोकं फिरलं. त्या नादात मंगळवारी रस्ता झाडतात म्हणून गाडी हलवायची विसरलो, दंडाचं तिकीट लागलं ते वेगळंच.

डोकं फिरलं, कारण चार वर्षं मी याच धंद्याच्या कडेला काढली आहेत. एका कास्टिंग ऑफिसात रीडर होतो. कॅमेऱ्याशेजारच्या खुर्चीत बसायचं, आलेल्या नटाला समोरच्या पात्राची वाक्यं द्यायची, आणि आपण अभिनय करायचा नाही. दिवसाला तीस-चाळीस माणसं, तेच दीड पान. विसाव्या माणसापर्यंत त्यातला विनोद मेलेला असतो. मग एक जण येतो, तेच वाक्य जरासं थांबून म्हणतो, आणि मागे बसलेल्या बाईंचं पेन कागदावरच थांबतं. हे पाहायला नजर लागते, आणि त्या नजरेला इथे पैसे मिळतात. गावात कुणाला पटणार?

ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहिलं. ॲलिसन जोन्स या कास्टिंग डायरेक्टरचं उदाहरण दिलं. 'फ्रीक्स अँड गीक्स' ही मालिका एका सीझनमध्ये गुंडाळली गेली, पण तिच्या कास्टिंगला २००० साली एमी, म्हणजे टीव्हीचं ऑस्कर, मिळालं. विनोदी नट सेथ रोगन त्यातूनच पुढे आला. 'सुपरबॅड'मध्ये तर तिने आधी कधी कॅमेऱ्यासमोर काम न केलेलं पोरगं आणलं आणि सिनेमा त्यानेच खाल्ला. एमीवाल्यांना कळलेलं ऑस्करवाल्यांना २०२४ साली कळलं, तेही लागू झालं २०२५च्या चित्रपटांपासून. नामावलीत अजून 'कास्टिंग बाय' लिहितात, कारण 'डायरेक्टर' हा शब्द दिग्दर्शकांच्या गिल्डला, म्हणजे संघटनेला, वाटून घ्यायचा नव्हता. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पुढे लिहिलं, "आपल्याकडे जत्रेच्या नाटकात जास्त वर्गणी देईल तो संभाजी होतो."

खोटं नाही ते. पण शिंप्याची गोष्ट मी मुद्दाम गाळली.

आमच्या गावात एक शिंपी होता. हसताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. फोंड्याच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून तो एकदा कंडक्टरशी भांडला. अख्खी बस हसत होती, तो सोडून. मास्तर मागच्या सीटवर होते. संध्याकाळी बोलावणं गेलं. त्या जत्रेच्या फार्सात तो गळ्यात टेप घालून आला, नवरदेवाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कापड पुरणार नाही." मांडव कोसळला. लोक हसताहेत म्हणून तो खरोखर चिडला, मग लोक आणखी हसले. भूमिका विनोदी आहे, हे मास्तरांनी त्याला शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं.

चुलतभावाचं उत्तर एका ओळीचं आलं: "इफ्फी चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो. तुझ्या धंद्यातला एक तरी माणूस शोधत फोंड्यापर्यंत आला?" मी मुंबईवाल्यांवर ढकललं. गोव्यात शूटिंगला येतात आणि आपल्याला गर्दीत उभं करतात, वगैरे. सगळ्यांना पटलं. मुंबईवाल्यांवर ढकललेलं आमच्याकडे पटतंच.

आणखीही एक नाव मी गाळलं. फिलिस स्मिथ. जोन्सच्या ऑफिसात तीही नटांसमोर वाक्यं वाचायची. अमेरिकन 'द ऑफिस' मालिकेच्या वेळी दिग्दर्शकाची नजर तिच्यावर गेली आणि तिच्यासाठी भूमिका तयार झाली. इथल्या प्रत्येक रीडरला ही गोष्ट पाठ असते. मलाही होती, चार वर्षं, रोज सकाळी वन थर्टी फोर हायवेच्या ट्रॅफिकमध्ये. माझ्या खुर्चीकडे एकदाच कुणीतरी वळलं. एक भारतीय काका हवा होता. "ॲक्सेंट जरा वाढव," म्हणाले. वाढवला. फोंड्यात, मुंबईत, कुठेच कुणी बोलत नाही असं काहीतरी बोललो. कॉलबॅक आला नाही. आता ग्लेंडेलला एका दातांच्या डॉक्टरचे हिशेब लिहितो. ग्रुपवर मात्र अजून "हॉलिवूडवाला" आहे, आणि मी ते दुरुस्त केलेलं नाही.

चौदाव्या वर्षी मी मास्तरांपुढे शिवाजीचं भाषण म्हणून दाखवलं होतं. त्यांनी पूर्ण ऐकलं, पाठीवर हात ठेवला आणि विंगेत प्रॉम्प्टरच्या स्टुलावर नेऊन बसवलं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर रुसून होतो.

काल रात्री चुलतभावाचा वेगळा मेसेज आला, ग्रुपबाहेर. "यंदा प्रॉम्प्टर मिळत नाही रे. पोरं मोबाइलवर पाठ करतात, अडकली की उभी राहतात. तूं जात्रेक येतलो मरे?"

वर्गणी लगेच पाठवली. तिकिटाचं बघतो म्हटलं. नाटकाची पीडीएफ मात्र मागून घेतली आहे.