सूट कंपनीला, भाव जमिनीला, हप्ता आपल्याला

पुण्यात फ्लॅटचे रेट का वाढतात असं कुणालाही विचारा, उत्तरं ठरलेली. मेट्रो येतेय, रिंग रोड होतोय, हवा चांगली आहे, अख्ख्या महाराष्ट्राला पुण्यातच यायचंय. मी बरीच वर्षं होम लोनच्या फाइल्स करतोय आणि माझं मत जरा वेगळं आहे. वाकड, बाणेर, खराडी, हिंजवडीचे रेट मेट्रोने जेवढे ठरवले त्याहून जास्त इन्कम टॅक्सच्या कलमांनी ठरवले. तुमच्या-माझ्या पगारावरच्या टॅक्सने नाही, कंपन्यांवरच्या. कंपनीला सूट मिळते तेव्हा तिचा मलिदा फिरून फिरून जमिनीच्या भावात जाऊन बसतो, आणि बाजाराला झटका बसतो तेव्हा तो हप्ता भरणाऱ्याच्या गळ्यात पडतो. हे मी नुसतं पेपर वाचून बोलत नाहीये, टेबलावर ज्या सॅलरी स्लिपा येतात त्या बघून बोलतोय.

जरा मागून सांगतो. सॉफ्टवेअर पार्कातल्या एक्सपोर्ट कंपन्यांना कलम १०ए आणि १०बी खाली नफ्यावर टॅक्स माफ होता, तो ३१ मार्च २०११ पर्यंत चालला. तो बंद होणार हे आधीपासून माहीत होतंच, त्यामुळे २००५ चा एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) कायदा आला तशा कंपन्या तिकडे वळल्या. पहिली पाच वर्षं एक्सपोर्टच्या नफ्यावर शंभर टक्के माफी, पुढची पाच वर्षं पन्नास टक्के, आणि त्यापुढची पाच वर्षं नफा धंद्यातच परत घातला तर पन्नास टक्क्यांपर्यंत. अट अशी की युनिट नवीन पाहिजे, जुनंच ऑफिस उचलून तिकडे नेऊन ठेवलं असं चालणार नाही. म्हणजे शहरात धड चालू ऑफिस असताना नवीन भरती कुठे करायची, तर जिथे नवीन कॅम्पस उभा राहतोय तिथे. हिंजवडी फेज दोन आणि तीन, खराडी, मगरपट्टा हे सगळं नुसतं जागा स्वस्त होती म्हणून नाही वाढलं, तिथे बसून केलेल्या नफ्यावर टॅक्स लागत नव्हता म्हणूनही वाढलं. पोरं तिथे नोकरीला लागली, तिथून अर्ध्या तासावर घर हवं झालं (अर्धा तास हा ब्रोशरमधला, चांदणी चौकातला नाही), आणि मग वाकड, पुनावळे, ताथवडे, म्हाळुंगे, मारुंजी या गावांत गुंठ्याचा भाव कुठच्या कुठे गेला.

सूट कंपनीला होती ना, मग जमीनवाल्याला कशी पोचली? तर कंपन्या वाढतात, भरती होते, पगार वाढतात, घरं बांधता येतात, पण जमीन काही वाढत नाही, कॅम्पसच्या भोवतीची जमीन आहे तेवढीच. जो जो पैसा त्या भागात येतो तो शेवटी त्या वाढवता न येणाऱ्या वस्तूच्या भावात मुरतो. ज्या शेतकऱ्याने जमीन राखून ठेवली किंवा बिल्डरबरोबर जॉइंट व्हेंचर केलं त्याचं भलं झालं, चांगलंच झालं, मला त्यात वाईट वाटायचं काही कारण नाही. ज्याने आधीच स्वस्तात विकून टाकली त्याचं वाईट वाटतं. पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय असं आपण म्हणतो त्या इंजिनियरला वाढलेल्या पगारातून उरलं काय, तर वीस वर्षांचा हप्ता.

बिल्डरलाही सूट होतीच. जुन्या लोकांना इन्कम टॅक्सचं कलम ८०आयबी(१०) आठवत असेल. कमीत कमी एक एकरचा प्लॉट, मार्च २००८ च्या आत मंजुरी, आणि फ्लॅट दीड हजार स्क्वेअर फूट बिल्ट-अपच्या आत, की प्रोजेक्टच्या नफ्यावर टॅक्स शून्य. मुंबई-दिल्लीला ही मर्यादा एक हजार फूट होती, आपल्याकडे दीड हजार. त्या काळातल्या सोसायट्यांमध्ये दीड हजाराच्या काठावर येऊन थांबणारे थ्री बीएचके दिसतात ना, त्यामागे आर्किटेक्टची सौंदर्यदृष्टी कमी आणि सीएचा कॅल्क्युलेटर जास्त होता. मग लोकांनी शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडायला सुरुवात केली, म्हणजे कागदावर दोन घरं आणि चपला एकाच दारात. सरकारने २००९ मध्ये अट घातली की एका माणसाला, त्याच्या नवरा-बायकोला किंवा अज्ञान मुलांना अशा प्रोजेक्टमध्ये दुसरा फ्लॅट द्यायचा नाही. इतका बारीक विचार करणाऱ्या सरकारने त्या माफ केलेल्या टॅक्समधलं काय गिऱ्हाइकाच्या किमतीत उतरलं हे कधी तपासलं का, मला तरी दिसलं नाही.

आता झटक्याचं बघू. सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि महिन्याभरात इथे साइट ऑफिसं ओस पडली. तेव्हा मला कळलं की आपल्याकडे घरांचे भाव शेअरसारखे पडत नाहीत, ते गोठतात. बिल्डर बोर्डावरचा रेट खाली आणत नाही, कारण एकाला कमी केला की आधी बुकिंग केलेले पन्नास जण येऊन बसतात. मग तो पार्किंग फुकट देतो, मॉड्युलर किचन देतो, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) सोडतो, पझेशनपर्यंत हप्ता नाही म्हणतो. रीसेलवाला तर त्याहून हट्टी, शेजाऱ्याला २००७ मध्ये जो भाव मिळाला त्याच्या खाली उतरायला तयार नाही. रेट कागदावर तसाच राहतो, व्यवहार बंद होतात. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ एवढ्यात रिझर्व्ह बँकेने रेपो (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला, स्टेट बँकेने ८ टक्क्यांची स्कीम काढली, आणि गाडं परत चाललं. म्हणजे भाव खाली न येता कर्ज स्वस्त झालं! जमिनीचा भाव वाचला, कर्ज तेवढंच राहिलं, फक्त ते घ्यायला सोपं झालं.

आणि हा झटका घरापर्यंत येतो कसा ते बघण्यासारखं आहे. लोकांना वाटतं नोकऱ्या गेल्या की घरं विकली जात नाहीत. नोकरी जायच्या कितीतरी आधी सुरुवात होते. सॅलरी स्लिपवर बेसिक, एचआरए, स्पेशल अलाउन्स आणि खाली व्हेरिएबल (कामगिरीप्रमाणे कमी-जास्त होणारा भाग) असतं. चांगल्या दिवसांत बँक सरासरी काढून व्हेरिएबलचा काही भाग धरते. बाजार बिघडला की पहिलं व्हेरिएबल गळतं, मग इन्क्रिमेंट "पुढच्या क्वार्टरला" जातं, मग माणूस प्रोजेक्टवर आहे की बेंचवर (कामाविना नुसता पगारावर) याची चौकशी सुरू होते, आणि काही बँका ठरावीक कंपन्यांची नावं ऐकली की फाइल हळूच बाजूला ठेवतात. परिणाम असा की ज्याची नोकरी शाबूत आहे, हप्ता भरायची ऐपत आहे, त्याचीसुद्धा एलिजिबिलिटी (बँक किती कर्ज देईल तो आकडा) दहा-बारा लाखांनी खाली येते आणि बुकिंग कॅन्सल होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ही गोष्ट कुठल्या आकडेवारीत दिसत नाही, कारण कुणाची नोकरी गेलीच नाही ना!

२०१९ घ्या. २० सप्टेंबरला निर्मला सीतारामन यांनी गोव्यात जाहीर केलं की कॉर्पोरेट टॅक्स ३० वरून २२ टक्के, सगळे सेस धरून साधारण २५.१७, आणि नव्या कारखान्यांना १५. सरकारने स्वतःच सांगितलं की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडतोय. शेअर बाजाराने त्या दिवशी दिवाळी केली. चाकणला मात्र तेव्हा गाड्यांची विक्री पडून शिफ्ट कमी झालेल्या होत्या, आयएल अँड एफएस ही मोठी फायनान्स कंपनी बुडून एनबीएफसींनी (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी) हात आखडता घेतला होता, अर्धवट स्लॅब उभे होते. टॅक्स नफ्यावर असतो, ज्याला नफाच नाही त्याला सूट देऊन काय उपयोग? ज्यांच्याकडे नफा होता त्यांनी कर्जं फेडली, डिव्हिडंड दिला, बॅलन्सशीट चकचकीत केली. बावधन-मोशीच्या एका तरी गिऱ्हाइकाने मला "कॉर्पोरेट टॅक्स कमी झालाय म्हणून आता फ्लॅट घेतो" असं म्हटलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात रखडलेल्या घरांसाठी केंद्राने जो फंड जाहीर केला तो २५ हजार कोटींचा. दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

याउलट २०२०. कोविडमध्ये राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली, नंतर मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांनी. दिल्लीच्या पॅकेजपुढे हे चिल्लर होतं. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन ऑफिसात काय गर्दी होती ती मी बघितलीये. सर्व्हर रडत होता, टोकन संपलेली, एक काकू डबा घेऊनच आल्या होत्या, शेवटी ३१ च्या आत ड्युटी भरून ठेवा, नोंदणी चार महिन्यांत करता येईल असं सांगून लोकांना घरी पाठवावं लागलं. सूट विकत घेणाऱ्याच्या हातात, तारीख ठरलेली, आणि ती थेट व्यवहारावर, त्यामुळे ती लागू पडली. आता कुणी म्हणेल जे पुढच्या वर्षी घेणार होते तेच आधी आले, हो, काही प्रमाणात खरं आहे. पण झटक्याच्या वेळी हवं काय असतं, गोठलेले व्यवहार सुटायला हवे असतात, ते सुटले.

२०१९ च्या त्या २२ टक्क्यांची आणखी एक बाजू आहे जी फारशी कुणी बोलत नाही. तो रेट घ्यायचा तर बाकीच्या सवलती सोडायच्या, त्यात एसईझेडचीही आली. वर नव्या एसईझेड युनिटांना टॅक्स माफीची मुदत २०२० मध्ये संपली. म्हणजे ज्या कारणासाठी लोकं शहराच्या टोकाला नेऊन बसवली होती ते कारणच गेलं, त्यात वर्क फ्रॉम होम. एसईझेडमधल्या रिकाम्या मजल्यांवर साध्या कंपन्यांना बसवता येईना, शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये मजल्यामजल्याने एसईझेडबाहेर काढायची परवानगी आली. ऑफिसं बंद होती त्या काळात, ज्यांनी "भाडं आरामात येईल" म्हणून फेज तीनजवळ दुसरा फ्लॅट घेतला होता ते सोसायटीचा मेंटेनन्स खिशातून भरत बसले. २०२२ ला ऑफिसं उघडली आणि भाडी अशी वाढली की भाडेकरू रडकुंडीला आले. रस्ता तोच, फ्लॅट तोच.

माझी मावसबहीण डब्लिनला असते, तिच्याकडचं ऐकलं की वाटतं हिंजवडीचीच गोष्ट चाललीये. आयर्लंडने २००३ पासून कंपन्यांना १२.५ टक्के टॅक्स ठेवला, जगातल्या मोठ्या टेक आणि औषध कंपन्या तिथे गेल्या. २००८ ला घरांचा फुगा फुटला, त्याला मुख्य कारण बँकांनी वाटलेली कर्जं होती, टॅक्स नाही, आणि पाच-सहा वर्षांत भाव निम्म्याच्या आसपास आले. पुढे कंपन्यांचा पैसा परत आला पण बांधकाम त्या वेगाने आलं नाही, आता भाडं परवडत नाही म्हणून तिथली पोरं आईबापांकडे राहतात. मोठ्या बहुराष्ट्रीय ग्रुपना २०२४ पासून १५ टक्के लागू झालाय, पण घरं काही स्वस्त झाली नाहीत. सरकारच्या तिजोरीत टॅक्स भरपूर, डोक्यावर छप्पर नाही. आपल्याकडे तिजोरीसुद्धा वेगळीकडे आहे. कॉर्पोरेट टॅक्स दिल्लीला जातो, आणि हिंजवडी, माण, मारुंजीच्या रस्त्यावर पाणी तुंबलं की ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) एकमेकांकडे बोट दाखवतात.

सगळ्यात जास्त राग मला मेट्रो सेसचा येतो. मेट्रोमुळे भाव वाढतो कुणाच्या जमिनीचा? जो मालक आहे त्याच्या. आणि एप्रिल २०२२ पासून स्टॅम्प ड्युटीवर १ टक्का जादा कोण भरतं? विकत घेणारा. पुण्यात पुरुषाच्या नावावर घर घेतलं तर ७ टक्के. ज्याला फायदा झाला त्याला सोडून ज्याने वाढीव भाव मोजला त्याच्याकडूनच पुन्हा वसुली, उलटा न्याय आहे हा. करसवलती द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण कॅम्पसला मंजुरी देताना आजूबाजूच्या जमिनीच्या वाढीव भावातला हिस्सा त्याच भागाच्या पाणी-रस्त्यासाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी घ्या. "परवडणारं" घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं, ज्यावर जीएसटी १ टक्काच लागतो, हा आकडा २०१९ पासून तसाच पडून आहे, त्या पैशात आज बाणेरला वन बीएचके बघायला गेलात तर सेल्सवाला चहासुद्धा विचारणार नाही.

आत्ता झटका कुठून येऊ शकतो तर परत टॅक्समधूनच, आणि तोही वॉशिंग्टनच्या. २०२२ पासून अमेरिकन कंपनीने परदेशात केलेल्या आर अँड डीचा (संशोधन-विकासाचा) खर्च नफ्यातून एकदम वजा होत नाही, १५ वर्षांत विभागून धरावा लागतो. जुलै २०२५ च्या कायद्यात त्यांनी स्वतःच्या देशातल्या आर अँड डीला मोकळीक दिली, परदेशातला १५ वर्षांचा नियम तसाच ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये आउटसोर्सिंगच्या पैशांवर २५ टक्के कर लावायचं एक बिल तिथल्या सिनेटमध्ये मांडलं गेलं, त्याच महिन्यात नव्या एच-वन-बी (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) अर्जाला १ लाख डॉलर फी आली. यातल्या कशाचा खराडीच्या रेटवर किती परिणाम होईल हे छातीठोक सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून फ्लॅट घेऊ नका.

हल्ली नवरा-बायको दोघं आयटीतले असले की मी पगार विचारायच्या आधी क्लायंट कुठला ते विचारतो. दोघांचाही अमेरिकेतला, दोघंही एकाच पार्कात, असं निघालं की मी बँकेची कमाल एलिजिबिलिटी काढून दाखवतो आणि मग एकाच पगारावर बसणारा आकडा त्याच्याखाली लिहून देतो. बहुतेक जण वरचाच आकडा घेतात, कारण बिल्डरची स्पॉट ऑफर रविवारपर्यंतच असते.