आकडे वाचलेत, अण्णा

अण्णा, एआय, त्याची वीज आणि त्याचं बटण कुणाच्या हातात, यावरच्या माझ्या परवाच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की एआयला एका प्रश्नामागे नऊ सेकंद टीव्ही बघण्याइतकीही वीज लागत नाही, ते सगळ्यांना खुलं आहे, डेटा सेंटरमुळे (एआयचे संगणक चालतात त्या केंद्रांमुळे) रोजगार येतील आणि 'आधी आकडे वाचा, मग बेळगावात बसून जगाची काळजी करा'.

एक चूक कबूल. एका प्रश्नाला ३ वॅट-तास लागतात असं मी लिहिलं होतं, तो अंदाज जुना आहे. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनी या एआयच्या मजकुरी प्रश्नासाठी ०.२४ वॅट-तास हा आकडा दिला. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण 'बेळगावात बसून' म्हणजे काय ओ? उद्यमबागेतल्या फौंड्रीत इंडक्शन भट्टीवर बावीस वर्षं काढलीत मी. टनभर लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट जातात, ते रोज मीटर बघून वहीत उतरवायचो. वीज म्हणजे काय ते मला टीव्हीच्या सेकंदांत शिकवू नका. भट्टी लालभडक, लोखंड ओतायचं लॅडल तापवून तयार, साचे मांडलेले, आणि लाइट जायची. बघता बघता लोखंडावर साय धरायची, मग सगळाच गोळा. तो घणानं फोडताना भट्टीचं आतलं अस्तर, म्हणजे लायनिंग, जायचं आणि हेल्पर पोरांचा त्या दिवसाचा पगार कापला जायचा. फोन केला की एकच उत्तर, 'वरून बंद आहे'. बटण कुणाच्या हातात आहे हे विचारायला मी तिथं शिकलो.

माझ्या लेखाचा मुद्दा तोच होता आणि त्याबद्दल तुम्ही अक्षर लिहिलं नाहीत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी ४१५ अब्ज युनिट वीज घेतली. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांच्या आसपास जाईल, आणि या वाढीत एआय सगळ्यात पुढं आहे. अमेरिकेत २०१९ ला बंद पडलेल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीची वीज मायक्रोसॉफ्टनं वीस वर्षांसाठी करारानं बांधून घेतली. कुठल्या देशाला किती एआय चिप द्यायच्या, याचा नियम अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये काढला. अठरा मित्रदेशांना मोकळीक, भारताला मर्यादा. मे महिन्यात तिथल्याच नव्या सरकारनं तो मागे घेतला. दोन्ही वेळा निर्णय तिकडेच. 'वरून बंद आहे' यापेक्षा हे वेगळं कसं, ते सांगा.

रोजगार वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही.

आणि मी एआयच्या विरोधात आहे असं समजू नका. वडगावात आमच्या शेजारच्या काकू यंत्रमाग चालवतात. कन्नडमधलं वीजबिल फोनसमोर धरतात आणि मराठीत वाचून घेतात. आधी त्यासाठी कुणाच्या तरी पोराची वाट बघत संध्याकाळपर्यंत थांबायच्या. ही सोय उद्या महाग झाली किंवा बंद पडली, तर काकूंनी फोन कुणाला करायचा? याचं उत्तर असेल तर लिहा. टीव्हीचे सेकंद मला पाठ झालेत.