बस कशी आहे ते नंतर, आधी ती कधी येते ते सांगा

मे महिन्यातली गोष्ट. मायचे गुडघे दाखवायला जायचं होतं. सकाळी दहाला आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिटी बसची वाट बघत उभे. थांब्याला छत होतं, पण ऊन समोरून तिरपं आत येत होतं. पस्तीस मिनिटं गेली. तेवढ्यात सात-आठ शेअर रिक्षा "सिडको, सिडको, चला मावशी" करत थांबून गेल्या. शेवटी माय म्हणाली, "येणार न्हाई असं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं बाबा, वाट तरी पाहिली नसती." रिक्षात बसलो आणि मोंढा नाक्याच्या सिग्नलला मागून आपलीच बस आली. तिच्या मागे त्याच नंबरची दुसरी, जवळजवळ रिकामी.

तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे. लोक बसमध्ये बसत नाहीत म्हणून आपण त्यांना दोष देतो. पण एक हिशोब करून बघा. तासाला तीन बस आहेत आणि त्या वीस-वीस मिनिटांनी येतात, तर माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन एकामागोमाग आल्या, तर सरासरी अर्धा तास. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, चालक-वाहकही तेवढेच. प्रवाशाचा वेळ मात्र तिप्पट.

आणि हे कुणाच्या कामचुकारपणामुळेच होतं असंही नाही. पहिल्या बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त लोक साचतात, ते चढेपर्यंत तिला आणखी उशीर होतो. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती पळत येऊन पहिलीला गाठते. यावर उपाय आहे: मध्ये एखाद्या ठिकाणी मागच्या गाडीला दोन-तीन मिनिटं थांबवून अंतर राखायचं. म्हणजे मार्गावर लक्ष ठेवणारा, अधिकार असलेला माणूस पाहिजे. नव्या गाड्यांच्या उद्घाटनाचा फोटो येतो, या माणसाचा येत नाही.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी मुक्कामी एसटी यायची. रात्री गावात थांबायची आणि पहाटे सहाला निघायची. दिवसभरात तेवढीच एक गाडी, पण तिच्या भरवशावर दूध जायचं, पोरं कॉलेजला जायची, बाळंतीण तालुक्याला जायची. शहरात गाड्या कितीतरी जास्त, पण त्यांच्या भरवशावर कुणी दवाखान्याची वेळ घेत नाही.

तिकीट स्वस्त केलं की लोक येतात, हे मलाही मान्य आहे. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या मावश्या-काकू गावोगावी फिरायला लागल्या. मुंबईत 2019 च्या जुलैत बेस्टने किमान भाडं 5 रुपये केलं आणि प्रवासी झपाट्याने वाढले. पण स्वस्त तिकीट काढायला आधी बस तर आली पाहिजे.

शेवटच्या फेरीचं तर कुणी बोलतच नाही. वाळूजच्या कारखान्यांत दुसरी पाळी रात्री अकराच्या सुमारास सुटते. त्या वेळी बस नसेल तर तो कामगार दुपारी जातानाही बसने जात नाही, मोटरसायकल काढतो. संध्याकाळचा क्लास आठला सुटणाऱ्या मुलीचंही तेच. शेवटच्या एका फेरीचा खर्च वाचवायला जावं आणि दिवसभराचे प्रवासी घालवून बसावं, असं होतं.

आणि पायरी. साध्या बसची फरशी रस्त्यापासून सुमारे 900 मिलिमीटर उंच असते, लो-फ्लोअरची 400. कागदावर हा फरक छोटा दिसतो. मायला चढवताना मला एक हात तिच्या काखेत, एक पाठीला लावावा लागतो आणि मागून कुणीतरी "लवकर चढा" ओरडतं. तिच्या वयाच्या बाया बसला नको म्हणतात, त्याचं कारण ही पायरी आहे.

माझं मत सरळ आहे आणि काहींना ते आवडणार नाही. दहा मार्गांवर दोन-दोन गाड्या फिरवण्यापेक्षा आधी एक मार्ग धड चालवा. रेल्वे स्टेशन, क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल, सिडको, चिकलठाणा. जाऊन-येऊन दीड तास धरला तर दर दहा मिनिटांना बस द्यायला नऊ गाड्या लागतात, एखादी राखीव. त्यामुळे काही वस्त्यांची फेरी कमी होईल आणि तिथले लोक चिडतील. त्यांचा राग खोटा नाही. पण दोन तासांतून एकदा येणाऱ्या बसने त्यांचंही काम होत नाही, त्यांनीही स्वतःची मोटरसायकल घेतलीच आहे.

सकाळी सहा ते रात्री साडेअकरा, सहा महिने, दर दहा मिनिटांना. खांबावर मोठ्या आकड्यात नंबर, बिहारहून आलेल्या कामगारालाही वाचता येईल असा. हे सुरू करा, मी पहिल्याच दिवशी मासिक पास काढतो. माय पण येते म्हणाली आहे, पायरी खाली असेल तर.