काळं पडलेलं तबक आणि काउंटरवरचा शिशाचा दगड

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचला. तक्रारी तीन आहेत. लेकीच्या डोहाळजेवणासाठी घेतलेलं चांदीचं तबक तीन महिन्यांत काळं पडलं. काउंटरवरच्या दगडाशेजारी आम्हीच ‘चांदी शिशाच्या पोटातून येते’ अशी पाटी लावली आहे, म्हणजे आम्ही चांदीत शिसं मिसळतो, असं तुमचं म्हणणं. आणि तो दगड तुमच्या मोठ्या नातीने हातात घेतला तरी कोणी हटकलं नाही.

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. तो दगड म्हणजे गॅलेना, शिशाचं खनिज. नुसता हातात धरून लगेच काही होत नाही, पण त्याची भुकटी बोटांना लागते आणि लहान मूल बोट तोंडात घालतं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. आज सकाळीच तो काचेच्या पेटीत बंद केला. मनापासून माफी मागतो.

आता शिसं. पाटी मीच लिहिली आहे आणि ती काढणार नाही, पण त्याखाली चार ओळी जास्त लिहायला हव्या होत्या. त्या इथे लिहितो.

आपल्या नाशिकच्या जमिनीत चांदी नाही. पांडवलेणीचा डोंगर काय, ब्रह्मगिरी काय, सगळा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. चांदी इथे कायम बाहेरून आली. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपान याची चांदीची १३,०००हून जास्त नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. त्या राजांच्या काळापासून आपण दुसरीकडची चांदी घडवतो आहोत.

मग ती जमिनीतून निघते कशी, हे बघायला मी एका लग्नानिमित्त उदयपूरला गेलो असताना वाट वाकडी करून जावरला गेलो. उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरांत हे खाणींचं गाव आहे. तिथला खडक डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखा, आपल्या पाषाणापेक्षा कितीतरी पटींनी जुना. त्यात शिसं, जस्त आणि लोह, तिन्ही गंधकाशी जखडलेली, पट्ट्यापट्ट्यांनी बसली आहेत. चांदी मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती शिशाच्या खनिजात विखुरलेली असते. टनभर दगड फोडावा तेव्हा त्यात काही तोळे.

जुन्या खाणीत आत जाऊ देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. तोंडाशी उभं राहून पाहिलं. भिंतींवर छिन्नीचे घाव असतील असं वाटलं होतं, पण त्या चुलीच्या आतल्या बाजूसारख्या गोलसर, गुळगुळीत आणि काजळलेल्या होत्या. जुने लोक खडकाला लाकडं लावून आग पेटवत. खडक तापून तडकला की मग घण आणि पहार. भुयारात धूर, वर डोंगराचं वजन, आणि हे काम पिढ्यान् पिढ्या चाललं. तिथल्या खाणींत सापडलेल्या लाकडाचं वय इ.स.पू. ४३०च्या आसपासपर्यंत जातं. पुढे चौदाव्या शतकाच्या अखेरीस महाराणा लाखांच्या काळात खाणी पुन्हा भरात आल्याचं मेवाडच्या इतिहासात सांगतात. (जस्ताची गोष्ट वेगळी आणि तितकीच मोठी. ते गाळायच्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी एका भट्टीत ३६ लावत. वापरून टाकलेल्या त्या मुशींनी गावात घरांच्या भिंती रचल्या आहेत. मी त्यांवर हात फिरवून आलो.)

आता तुमच्या शंकेचं मूळ. खनिज भट्टीत घातलं की शिसं निघतं, त्यात चांदी विरघळलेली. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या वाटीत पुन्हा वितळवून भात्याने वारा देत. वाऱ्याने शिशाचं मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) होतं, ते राख पिऊन टाकते, आणि वाटीच्या तळाशी चांदीचा मणी उरतो. म्हणजे चांदी काढायची म्हणजे शिसं घालवायचं. आमच्याकडे येते ती आधीच शुद्ध केलेली लगड. घडाईसाठी तिच्यात थोडं तांबं घालतो, कारण निव्वळ चांदी फार मऊ असते, आणि टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, बिलावर लिहितो. शिसं घालून कुणा कारागिराचा फायदा होत नाही. थोडंसं जरी राहिलं तरी चांदी हातोड्याखाली तडकते. तुमच्या तबकाचा काठ हाताने वळवलेला आहे, शिसं असतं तर तो वळलाच नसता.

मग काळं का पडलं? तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. काळेपणा सगळीकडे सारखा नाही. मधोमध एक सरळ, बोटभर रुंद पट्टी सर्वांत गडद आहे. ही रबरबँडची खूण आहे. आमच्या पोराने बटरपेपर गुंडाळून वर रबर लावलं आणि तबक तसंच कपाटात राहिलं असणार. रबरात गंधक असतं, आणि चांदी खाणीत ज्या गंधकाला धरून बसलेली असते त्याच्याशी मिळताच पुन्हा काळी होते. चूक बांधणीची, म्हणजे आमचीच. आजपासून दुकानातली रबरं बंद, सुती दोरा आणला आहे.

घरी करायचं असेल तर पातेल्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर तबक टेकवून ठेवा, दोन चमचे खायचा सोडा टाका आणि कडकडीत पाणी ओता. गंधक चांदी सोडून फॉइलकडे जातं, चांदी झिजत नाही. टूथपेस्टने घासू नका.

नाहीतर तबक घेऊन दुकानात या, बिल सापडलं नाही तरी चालेल. टंच तुमच्यासमोर मशीनवर काढू. बिलापेक्षा कमी निघाला तर पूर्ण पैसे परत. उजळणी आमच्याकडून, तीही तुमच्यासमोर. नातीलाही आणा, दगड तिला काचेतून दाखवतो.